थेंबाभोवतीचं कडं

माझ्या सासूबाईंच्या हातात कुठलाही कागद द्या, त्या तो आधी वाचत नाहीत. आधी उजेडाकडे धरतात. मग एक कोपरा तिळाएवढा फाडतात, फाटलेली कड डोळ्यांजवळ नेऊन बघतात, आणि शेवटी, समोर कोण बसलंय याची फिकीर न करता, तिला जिभेचं टोक लावतात. एवढं झालं की मग मजकूर. विजेचं बिल असो, दुकानातली पुडी असो, सगळ्यांना एकच न्याय. एकदा डॉक्टरनं औषधाची चिठ्ठी दिली तर तीही खिडकीकडे धरली. डॉक्टर म्हणाला, "अक्षर लागत नाहीये का?" तर म्हणतात, "अक्षराचं तुम्ही आणि औषधवाला बघा हो. मी कागद बघतेय."

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मी मोठ्या हौसेनं माझा शाळेचा दाखला त्यांना दाखवला होता. वाटलं, मार्क बघून खूश होतील. त्यांनी तो उजेडात नेला, कोपरा फाडला आणि म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, पण कागद भिकार आहे. चार-पाच फेऱ्या झाल्यात याच्या." मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. माझा राग नाकावरच असतो, तेव्हाही होता.

फेऱ्या म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. जुना कागद भिजवून दळला की त्याचा लगदा होतो, लगद्याचा पुन्हा कागद होतो, तो वापरून झाला की पुन्हा लगदा. पण दर फेरीला आतला धागा थोडा तुटतो, आखूड होतो. पाच-सहा फेऱ्या झाल्या की त्यात काही दम राहत नाही, नवा धागा मिसळावाच लागतो. सुती चिंध्यांपासून केलेला कागद फाडला तर कडेला लांब लांब केस दिसतात, आणि पुष्कळ वेळा दळलेला कागद बिस्किटासारखा तुटतो. सासूबाईंना त्या केसांवरून कागदाचा मागचा जन्म कळतो. नवा कागद हातात आला की पुटपुटतात, "तू आधी कोण होतास रे बाबा?" आणि बहुतेक वेळा उत्तरही त्याच देतात. हा बनियन होता. हा परीक्षेचे पेपर. हा खोका होता, आणि अजून खोकाच आहे, नुसता रंग लावलाय.

आमचा हातकागदाचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. या टोकाला चिंध्यांचे गठ्ठे, त्या टोकाला कागदाचे, मध्ये आम्ही चौदा माणसं. चिंध्या शिवणकामाच्या कारखान्यांतून येतात. टेबलाला उभी पाती ठोकलेली आहेत, त्यांवर ओढून चिंधीचे आगपेटीएवढे तुकडे करायचे. ते जातात बीटरमध्ये. बीटर ही एक लांबगोल टाकी आहे, तिच्यात पात्यांचा जड रूळ फिरतो आणि पाण्यात चिंध्या सहा-सात तास अशा काही चेपतो की त्या आपलं कापडपण विसरतात. दिवसभर त्याच्याशेजारी उभं राहून आमच्या बीटरवाल्याचे कान अर्धे गेलेत. तो वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा भांडल्यासारख्या देतो.

त्यानंतर हौद. पांढरं, दुधट पाणी, त्यात तरंगणारा धागा. साचा म्हणजे लाकडावर ताणलेली बारीक जाळी, आणि तिच्यावर बसणारी एक सुटी चौकट, लगदा कडेनं वाहून जाऊ नये म्हणून. सासूबाई साचा उभा पाण्यात घालतात, आडवा करून वर काढतात, आणि पाणी निथळत असताना दोनदा डावी-उजवीकडे, दोनदा पुढे-मागे हलवतात. या हलवण्यातच सगळं आहे. धागे एकमेकांत अडकतात ते तेवढ्याच दोन-चार सेकंदांत. मग चौकट काढायची आणि साचा शेजारणीकडे सरकवायचा.

ती शेजारीण म्हणजे मी. माझं काम उलटण्याचं. साचा घ्यायचा, ओल्या लोकरी कांबळ्यावर पालथा टेकवायचा, एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवत न्यायचा आणि उचलायचा. ओला कागद कांबळ्यावर राहतो. त्यावर दुसरं कांबळं, पुन्हा कागद. अशी शंभर झाली की थप्पी प्रेसखाली, मग दोरीवर.

नऊ वर्षं मी उलटत होते आणि त्या उचलत होत्या. घरीही आम्ही दोघी, कारखान्यातही दोघी. माझा नवरा मालाची गाडी चालवतो, तो चार-चार दिवस बाहेर. त्यामुळे भांडायलाही आम्हाला एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. "साचा आपटू नकोस, भाकरी नाही ती." "तुम्ही जाड उचललाय, आई." "जाड नाही, तुझा हात हलका आहे." दिवसभर हेच. आणि मनात मला एकच गोष्ट हवी होती, हौद. कागद बघून लोक म्हणतात, कुणी उचलला? कुणी उलटला असं आजवर कोणी विचारलेलं नाही. सासूबाई एकतीस वर्षं त्या हौदावर होत्या. त्या कधी थकतात याची मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू.

आणि मग एक दिवस एक्केचाळीस कागद परत आले.

एका चित्रकलेच्या शाळेला आम्ही जाड कागद देतो, निव्वळ चिंध्यांचा. त्यांनी चिठ्ठी पाठवली होती की या कागदावर आकाश रंगवलं की भलत्याच ठिकाणी चंद्र उगवतो. मालकांनी एक कागद दाराच्या उजेडात धरला. आम्ही सगळे भोवती. कागदात मसुराएवढा गोल डाग होता, तिथे कागद पातळ झाला होता आणि उजेड जास्त येत होता. मालकांनी दुसरा धरला, तिसरा धरला. सगळ्यांत एकेक.

ओल्या कागदावर पाण्याचा थेंब पडला की असा डाग राहतो हे आमच्याकडे कालचा आलेला माणूसही सांगेल. आणि थेंब पडतो तो हौदावरच्या माणसाच्या हातून, चौकट काढताना. हात स्थिर असला तर पडत नाही. हात कापला तर पडतो. कारखाना सुरू झाल्यापासून सगळे हेच शिकत आलेत.

मालक भले आहेत. त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं. ते म्हणाले, "मावशी, वय कोणाला चुकलंय? पुढची खेपही अशी गेली तर शाळा दुसरीकडे कागद घेईल. तुम्ही थोडे दिवस चिंध्यांच्या टेबलावर बसा. हौदावर सूनबाई उभी राहील."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. या बाईनं एकदा सरकारी माणसाला त्याच्याच कागदाची जात सांगून गप्प केलं होतं. पण त्यांनी फक्त आपले दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, उताणे केले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघितले. मग फडक्याला पुसले आणि जाऊन चिंध्यांच्या टेबलाशी बसल्या. भांडल्या असत्या तर मला इतकं जड गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी हौदावर. माझ्या जागी दोरीवर कागद घालणारी बाई उलटायला आली. पहिले दोन दिवस माझे कागद जाड-बारीक झाले, तिसऱ्या दिवसापासून हात बसला. मन लावून करत होते, डोळ्यांत तेल घालून. शनिवारी मालकांनी आठवड्याचा माल एकेक करून उजेडात धरला. एकही थेंब नाही.

"बघा," बीटरवाला ओरडला. तो कौतुकानंच ओरडला असेल, पण चिंध्यांच्या टेबलापर्यंत ते गेलं.

माझं मन आनंदानं भरून यायला हवं होतं. थोडं आलंही. पण घरी जी बाई बसली होती ती माझी सासू नव्हती. कप दोन्ही हातांनी धरत होती. सुईत दोरा ओवायला मला सांगत होती. जिना उतरताना भिंतीला हात लावत होती. आठ दिवसांत दहा वर्षांनी म्हातारी झाली. आणि सोमवारी विजेचं बिल आलं, ते त्यांनी घेतलं आणि तसंच टेबलावर ठेवून दिलं. उजेडाकडे धरलं नाही, कोपरा फाडला नाही. मी ते बिल उचललं आणि चारही कोपरे तपासले.

"आई, बिल आलंय," मी मुद्दाम म्हणाले.

"हो. भर ना."

"कागद वेगळा वाटतोय या वेळी."

"असेल," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना एक गोष्ट पाहिली. त्या तेलाच्या मोठ्या डब्यातून अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल ओतत होत्या, नरसाळ्याशिवाय. डोकं दुसरीकडेच होतं, खिडकीबाहेर बघत होत्या. तेलाची धार दोऱ्यासारखी सरळ, आणि बाटलीबाहेर एक टिपूस नाही.

आता सांगा. ज्या बाईचा हात एक्केचाळीस वेळा कापला, तिचं तेल का सांडत नाही?

मी काही फार मायाळू सून नाही. हे मी त्यांच्यासाठी केलं असं म्हणवत नाही. मला न समजलेली गोष्ट सहन होत नाही, दातात अडकलेल्या तुसासारखी ती टोचत राहते. शिवाय दुसरी बाजूही होती. हे कोडं सुटलं तर हौद जाणार होता, तो माझा. दोन दिवस मी स्वतःला समजावत राहिले की तेल वेगळं आणि पाणी वेगळं. पटेना.

बुधवारी कांबळी धुवायचा दिवस होता. इथे माझ्या हातांचं सांगायला हवं. नऊ वर्षं पाण्यात राहून माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या, रक्त यायचं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी सासूबाईंनी बाजारातून मला रबरी हातमोजे आणून दिले होते. "तुझे हात बघवत नाहीत. घाल," एवढंच म्हणाल्या होत्या. मी ते घालूनच उलटायचे, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून मनगटापाशी बाहेरच्या बाजूला दुमडायचे. हौदावर गेल्यापासून ते खुंटीला होते. लगदा किती दाट आहे हे उघड्या हातालाच कळतं, तिथे मोजे चालत नाहीत.

तर त्या दिवशी मोजे घालून मी कांबळी धूत होते. एक कांबळं उंच दोरीवर टाकलं, दुसरं घ्यायला खाली वाकले, आणि माझ्या पायावर गार पाणी सांडलं. चमचाभर. मी वर पाहिलं, कांबळं तर पलीकडे होतं. पुन्हा हात वर केले, पुन्हा खाली आणले. पुन्हा पाणी. हात वर असताना कोपराकडे ओघळणारं पाणी दुमडलेल्या रबरात साठत होतं, आणि हात खाली गेला की ती दुमड पन्हळीसारखी रिकामी होत होती.

साचा मी घेते तेव्हा माझे हात वर असतात. उलटून झाल्यावर खाली वाकून तो उचलते, आणि खाली ओला कागद असतो.

मी तिथेच बादलीवर बसले.

मग जेवणाची सुट्टी झाली. सगळे बाहेर गेले आणि मी आत राहिले. अंदाजावर मला काही बोलायचं नव्हतं. लहान साचा घेतला आणि दोन कागद उचलले. पहिल्यावर, तो जाळीवर असतानाच, बोटानं एक थेंब टाकला आणि मग उलटला. हा हौदावरच्या हाताचा थेंब. दुसरा आधी उलटला, आणि कांबळ्यावर पडल्यावर त्यावर थेंब टाकला. हा उलटणाऱ्या हाताचा. दोन्ही दाबून गरम पत्र्यावर वाळवले आणि दाराशी नेऊन उजेडात धरले.

दोन्हींत गोल डाग होता. पण पहिल्या डागाभोवती एक बारीक, गडद कडं होतं. दुसऱ्याभोवती काहीच नव्हतं.

का, तेही लक्षात आलं, आणि एवढ्या सगळ्या गोंधळातही मला फार मजा वाटली. जाळीवरचा लगदा अजून सैल असतो, पाण्यात पोहत असतो. थेंब पडला की धागे बाजूला सरतात आणि कडेला गोळा होतात, म्हणून कडं. कांबळ्यावर पडेपर्यंत कागद धरलेला असतो, धागे हलायला तयार नसतात. थेंब नुसता खळगा करतो. एका कागदावर माझा विश्वास बसेना, म्हणून आणखी दहा-दहा केले. जाळीवरच्या प्रत्येकाला कडं, कांबळ्यावरचा प्रत्येक बिनकड्याचा. नऊ वर्षं मी कागद करत होते आणि एवढं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण थेंब कुणाचा हे विचारायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

परत आलेले कागद बीटरशेजारी पडून होते, पुन्हा दळायला. दुपारच्या फेरीत जाणार होते. मी धावतच गेले. बीटरवाला नुकता परतला होता, त्यानं रूळ सुरू केला होता. मी त्याला थांब म्हणून खूण केली आणि खाली बसून एकेक कागद उचलू लागले. बिनकड्याचा. बिनकड्याचा. बिनकड्याचा. सगळे डाग डाव्या कडेपासून वीतभर आत, जिथे माझा डावा हात साचा सोडतो. माझे कान गरम झाले. एकतीस वर्षांचं नाव माझ्या मोज्यांच्या दुमडीतून गेलं होतं.

विसाव्या की एकविसाव्या कागदात कडं दिसलं.

मी तो पुन्हा धरला. डाग मधोमध होता, डावीकडे नव्हता, आणि भोवती स्वच्छ बारीक कडं. मी तो बाजूला ठेवला. शेवटपर्यंत बघितलं. अडतीस माझे होते. तीन माझे नव्हते.

म्हणजे हात कापत होता. फार नाही, कधीतरी, पण कापत होता. मी ते तीन कागद मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू आलं, त्यांच्या वयाचं, माझ्या वाट बघण्याचं, सगळ्याचंच. मग मी उठले, तिन्ही कागद बारीक फाडले आणि बीटरमध्ये सोडले. रुळानं ते ओढून घेतले. बीटरवाला बघत होता. जन्मात पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला. "तीन भिजून खराब झाले होते ना?" म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

अडतीस कागद, माझे नमुने आणि रबरी मोजे घेऊन मी मालकांपुढे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी नमुने एकेक करून उजेडात धरले. मग म्हणाले, "पण हौद तर तुलाच मिळाला होता."

"मिळाला होता," मी म्हणाले. "आता परत घ्या."

सासूबाईंना मी घरी सांगितलं. वाटलं होतं, फाडून खातील, आणि मी खाऊनही घेतलं असतं. त्यांनी मोजे हातात घेतले, दुमड उघडली, बंद केली. "हे मीच आणले ना बाजारातून?"

"हो, आई."

"म्हणजे फिरून खापर माझ्याच डोक्यावर," त्या म्हणाल्या आणि हसल्या. आठ-दहा दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं. मग लगेच, "ते कडं काय म्हणालीस? दाखव मला." मी नमुने दिले. त्यांनी ते दिव्याशी धरले, वाकडे करून धरले, आणि प्रश्नांचा भडिमार सुरू केला. थेंब उंचावरून पडला तर कडं मोठं होतं का? लगदा दाट असला तर? जुन्या कागदाचा लगदा घेतला, आखूड धाग्याचा, तर कडं उमटेल की नाही? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. "अर्धवट काम केलंस," त्या म्हणाल्या. पुढचा सगळा आठवडा जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी थेंब टाकत बसलो. आखूड धाग्याला कडं येतं, पण अंधूक. उंचावरून टाकला तर दोन कडी येतात, एकात एक. हे कळलं त्या दिवशी त्या घरी येताना गुणगुणत होत्या. विजेच्या बिलाचा कोपराही फाटलेला सापडला.

त्या पुन्हा हौदावर उभ्या राहिल्या, मी पुन्हा उलटायला, उघड्या हातांना मलम लावून. आणि त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी कुणालाही सांगितली नव्हती. प्रेसमधून निघालेले ओले कागद कांबळ्यावरून सोलून दोरीवर टाकायला मी स्वतः जाऊ लागले. टाकताना प्रत्येक कागद खिडकीकडे धरायचा. कडं दिसलं की तो घडी करून अ‍ॅप्रनच्या खिशात, आणि खिशातून बीटरशेजारच्या टोपलीत. ओला कागद दळायला सोपा असतो, त्याचा आवाजही होत नाही. पहिले तीन-चार महिने आठवड्याला एखादा निघायचा. मग दोन. मग शंभराच्या एका थप्पीतच दोन, तीन.

एका दुपारी त्या दोरीखाली उभ्या दिसल्या. बोटानं कागद मोजत होत्या.

"कांबळी शंभर," त्या म्हणाल्या. "मी उचलले शंभर. इथे शहाण्णव आहेत."

"ओले होते, फाटले."

"फाटले की फाडलेस?"

मी टोपलीकडे पाहिलं.

"आण ते."

टोपलीत ते चारही होते, वर वरच. मी आणले. त्यांनी पहिला उलगडला आणि खिडकीशी नेला. किती तरी वेळ धरून उभ्या राहिल्या. दुसरा धरला. तिसरा, चौथा. मी मागे उभी राहून बोलत सुटले. "आई, चारच आहेत. शंभरात चार म्हणजे काही नाही. दळून पुन्हा कागदच होतो, वाया काय जातं? मालकांना कधी कळणार नाही. मी बघते सगळं. तुम्ही फक्त उचला."

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या एक्केचाळीसमधल्या तीन कागदांचंही सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. चारही कागद नीट घडी करून टोपलीत परत ठेवले. मग हौदाशी आल्या, आपले हात खसखसून धुतले, फडक्यानं एकेक बोट पुसलं. साचा उचलला, त्यावर चौकट बसवली, आणि माझ्यापुढे धरला.

"उद्यापासून करू ना, आई," मी म्हणाले. "आजचा दिवस तरी."

"हौद भरलेला आहे. लगदा उद्यापर्यंत आंबेल. धर."

मी धरला. त्या माझ्या जागेवर गेल्या, कांबळं सारखं केलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या. नऊ वर्षं मला हेच हवं होतं. मी साचा पाण्यात घातला, आडवा केला, वर काढला, दोनदा डावी-उजवीकडे, दोनदा पुढे-मागे. चौकट काढली तेव्हा माझे हात असे कापत होते की तीन थेंब ओल्या कागदावर पडले, आणि त्यांतला एक माझ्या डोळ्यातला होता.

सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"तो कागद हौदात परत सोड," त्या म्हणाल्या. "आधी रडून घे, मग उचल. मी आहे इथे."